कातळ, फेराइट आणि २६३ हर्ट्झ

क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पदार्थाचं चुंबकत्व जातं ते तापमान, लोरिया पद्धतीने मोजायला फारसं काही लागत नाही. एक विद्युतचुंबक, त्याच्या लोखंडी गाभ्याच्या टोकाशी तापवायची तार, तापमान दाखवणारं एक थर्मोकपल आणि फेराइटची, म्हणजे लोह ऑक्साइडात दुसरा धातू मिसळून केलेल्या चुंबकी पदार्थाची, नाण्याएवढी गोळी. गोळी चुंबकाला खालून चिकटवायची, तार तापवायची आणि बघत बसायचं. २००, २२०, २५० अंश. काहीच घडत नाही. आणि मग कसलीही सूचना न देता गोळी टपकन खाली पडते. त्या क्षणी थर्मोकपल जो आकडा दाखवेल तो वहीत लिहायचा. गाभा लोखंडाचा असल्यामुळे ७७० अंशांपर्यंत त्याचं काही बिघडत नाही, म्हणून पडते ती गोळीच. लोरिया आणि सिन्हा यांनी ही पद्धत १९६३ मध्ये छापली, आणि सिन्हा हे पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले. इतक्या कमी खर्चात इतकं मूलभूत काही मोजणारं दुसरं उपकरण माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

लोखंड, निकेल, मॅग्नेटाइट हे लोहखनिज यांना ठरावीक तापमानाच्या वर चुंबकत्व टिकवता येत नाही, हे पिएर क्युरीने १८९५ च्या आपल्या प्रबंधात नीट मांडलं. मॅग्नेटाइटला ही सीमा ५८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, निकेलला ३६० च्या जरा खाली, तर गॅडोलिनियमला वीसेक अंशांवर, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या दुपारी तो चुंबक नसतो आणि पहाटे असतो. अणूंचे इवलेसे चुंबक एकमेकांना धरून रांगेत उभे असतात आणि उष्णता त्यांना हलवत असते. क्युरी तापमानाला उष्णता जिंकते. एम.एस्सी.ला आम्हाला एवढंच कळलं होतं आणि परीक्षेपुरतं ते पुरलंही.

महाराष्ट्रात पदार्थविज्ञानात पीएच.डी. केलेल्या माणसाला विषय विचारा. ‘फेराइट’ हे उत्तर यायची शक्यता बरीच मोठी आहे. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ असो की तेव्हाच्या औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ, त्यांचे विभाग आणि त्यांना जोडलेली तालुक्या-तालुक्यांतली महाविद्यालयं, सगळीकडे फेराइटच्या भट्ट्या वर्षानुवर्षं पेटत्या राहिल्या. मीही त्याच वाटेने गेले. कारण व्यावहारिक होतं. या कामाला हेलियम लागत नाही, निर्वात कक्ष लागत नाही. नायट्रेटच्या बाटल्या, सायट्रिक आम्ल, अमोनिया, एक हॉटप्लेट, एक मफल फर्नेस आणि गोळ्या दाबायचा हायड्रॉलिक प्रेस एवढं असलं की काम सुरू. गरीब विभागाला परवडणारा विषय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मला आजही वाटतं, मात्र त्यातून जे ठरावीक साच्याचे प्रबंध निघाले त्यांच्याबद्दल तसं म्हणवत नाही. निकेलच्या जागी जस्त, त्याचा हिस्सा एक्स बरोबर शून्य, ०.२, ०.४, ०.६, पुढच्या वर्षी जस्ताच्या जागी कॅडमियम, त्याच्या पुढच्या वर्षी कॅडमियमच्या जागी मॅग्नेशियम. कोष्टक तेच, मथळा नवा.

पदार्थ बनवण्याची कृती मात्र देखणी. नायट्रेटं आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवायची, अमोनियाचे थेंब टाकत पीएच सातवर आणायचा, मग हॉटप्लेटवर ढवळत ठेवायचं. पाणी उडून मधासारखा चिकट जेल होतो, फुगतो, आणि एका कोपऱ्यात ठिणगी पडते. पुढच्या काही सेकंदांत ती आग सगळ्या बीकरभर फिरते आणि दिवाळीतल्या नागगोळीसारखी तपकिरी, भुसभुशीत राख वर-वर येत राहते. त्या राखेजवळ चुंबक नेला की ती उभी राहते. भट्टीत न घालता, नुसत्या स्वतःच्याच आगीत, फेराइट तयार झालेलं असतं. कणांचा आकार वीस-तीस नॅनोमीटर. तो मोजायचा क्ष-किरणांच्या आलेखावरून: ३५.५ अंशांच्या आसपासचं स्पिनेलचं, म्हणजे फेराइटच्या स्फटिकरचनेचं, सगळ्यांत उंच शिखर जितकं रुंद तितका कण लहान. शेररचं सूत्र आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा झोपेत म्हणून दाखवेल.

या फेराइटमधली एक गोष्ट मला फार आवडते. जस्ताच्या आयनाला स्वतःचं चुंबकत्व नसतं. तरी निकेल फेराइटमध्ये थोडं जस्त घातलं की एकूण चुंबकत्व वाढतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेलने १९४८ मध्ये याचं कारण सांगितलं. स्पिनेलच्या जाळ्यात आयनांना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात, चार शेजाऱ्यांच्या आणि सहा शेजाऱ्यांच्या, आणि या दोन गटांचे चुंबक एकमेकांविरुद्ध तोंड करून उभे असतात. आपल्याला जाणवते ती त्यांची वजाबाकी. जस्त जाऊन बसतं दुबळ्या गटाच्या जागांवर. वजा होणारी रक्कम घटली की बाकी वाढणारच. पण दोन्ही गटांना बांधून ठेवणारे दुवेही त्याच वेळी कमी होतात, त्यामुळे क्युरी तापमान घसरतं: शुद्ध निकेल फेराइटचं ५८५ अंशांच्या आसपास, आणि जस्त वाढवत नेलं की चारशे, तीनशे, असं खाली खाली. लोरियाची गोळी मग लवकर पडते आणि विद्यार्थी लवकर घरी जातो.

आमच्या विभागात दुसरंही एक यंत्र होतं. एकात एक दोन गुंडाळ्या, मधे लहानशी भट्टी, आणि गुंडाळीत २६३ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला २६३ हेलकावे घेणारी, प्रत्यावर्ती धारा. नमुना तापत जाताना तो त्या इवल्याशा क्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे एका आलेखावर उतरत जायचं. लोरिया पद्धतीत एकच आकडा हाती येतो. इथे पूर्ण वाट दिसते. आणि या वाटेने मला पहिल्यांदा कोड्यात टाकलं. एकाच बीकरमधली राख. अर्धी तशीच ठेवली, अर्धी दाबून ११०० अंशांना भाजली. रसायन तंतोतंत तेच. भाजलेल्या गोळीची रेषा बराच वेळ सपाट चालून शेवटी कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली आली. दुसऱ्या एका मध्यम तापमानाला भाजलेल्या नमुन्याची रेषा चढत गेली, क्युरी तापमानाच्या जरा अलीकडे तिने उंच शिखर गाठलं, मग कोसळली. या शिखराला जॉन हॉपकिन्सनचं नाव आहे, त्याने ते १८८९ मध्ये लोखंडात पाहिलं होतं. आणि न भाजलेली बारीक राख? तिची रेषा सुरुवातीपासूनच हळूहळू उतरत होती, जणू तिला क्युरी तापमान नावाचं काही ठाऊकच नव्हतं.

सरांनी तिन्ही रेषा पाहिल्या आणि ‘बहुक्षेत्री, एकक्षेत्री, अतिअनुचुंबकी’ असे तीन शब्द पेन्सिलीने लिहून दिले: एका कणात अनेक चुंबकी प्रदेश, एकच प्रदेश, आणि उष्णतेने दिशाच धरू न शकणारे बारीक कण. संदर्भ शोधायला सांगितला. संदर्भयादीत शेवटी हमखास येणारी तीन नावं आम्ही न वाचताच उतरवायचो: राधाकृष्णमूर्ती, लिखिते, सहस्रबुद्धे. या वेळी मी मूळ निबंध काढायला लावला. १९६५ चा, ‘रिव्ह्यू ऑफ सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट्स’मधला. त्यात एका लूप ट्रेसरचं, म्हणजे क्षेत्र उलटसुलट करत नमुन्याच्या चुंबकत्वाचा आलेख काढणाऱ्या यंत्राचं, वर्णन होतं, आणि मथळ्यातच लिहिलं होतं की हे उपकरण खनिजं आणि खडकांसाठी आहे.

खडकांसाठी. फेराइटचा कुठे पत्ताच नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली ही मंडळी दख्खनचा काळा कातळ मोजत होती. कातळासाठी जमवलेली हत्यारं आणि त्यातून घडलेली समज पुढे राज्यभरच्या फेराइट प्रयोगशाळांत पसरली, आणि आम्ही ती वापरत राहिलो. खिडकीबाहेर सह्याद्री होता, पण त्याच्याकडे कुणी त्या नजरेने पाहत नव्हतं.

कातळ म्हणजे नेमकं काय, हे त्यानंतर मी नव्याने शिकले. आपला कातळ म्हणजे बसाल्ट, गोठलेला लाव्हा. त्याचा बहुतेक भाग पायरॉक्सिन आणि प्लेजिओक्लेज या खनिजांचा, दोघंही चुंबकाच्या दृष्टीने निरुपयोगी. त्यांच्यात विखुरलेले असतात टायटॅनोमॅग्नेटाइटचे काळे कण, शेकड्याला थोडेसेच. नदीच्या वाळूत दोरीला चुंबक बांधून ओढला की त्याला जी काळी दाढी फुटते ती यांचीच; आमच्या लहानपणी तो सुट्टीतला उद्योगच होता. तेव्हा कातळ हा सरळसरळ संमिश्र पदार्थ आहे: निर्जीव चौकटीत बसवलेले चुंबकी कण. रेझिनमध्ये फेराइटची पूड कालवून आपण जे बनवतो त्याचाच हा थोरला भाऊ.

पण कथा इथे गुंतागुंतीची होते. कणात टायटॅनियम जितकं जास्त तितकं त्याचं क्युरी तापमान खाली, काही बसाल्टांत तर दीड-दोनशे अंशांपर्यंत. लाव्हा सावकाश निवत असताना प्राणवायू मिळाला तर हा कण आतल्या आत फुटतो. टायटॅनियम इल्मेनाइटच्या पातळ पट्ट्यांत गोळा होतं आणि पट्ट्यांमधल्या फटींत जवळजवळ शुद्ध मॅग्नेटाइट उरतं. सूक्ष्मदर्शकाखाली कण पन्नास मायक्रॉनचा एकसंध दिसला, तरी चुंबक म्हणून तो अनेक बारीक तुकड्यांचा गठ्ठा असतो. कातळाच्या कणाचं दिसणारं माप आणि त्याचं चुंबकी वागणं यांचा मेळ बसत नाही, तो यामुळे. टाटा संस्थेतल्या गटाने बसाल्टांची वर्गवारी केली ती या वागण्यावरून. नमुने द्रव नायट्रोजनच्या थंडीतून वर आणत आणि मग तापवत त्यांनी रेषा काढल्या. जाडसर मॅग्नेटाइट असेल तर उणे दीडशे अंशांच्या आसपास एक शिखर दिसतं. बारीक असेल तर दिसत नाही. आज ज्याला आपण नॅनोरचना म्हणतो ती त्यांनी दगडात मोजली, आणि तीसुद्धा त्या शब्दाला बाजारभाव येण्याच्या कितीतरी आधी.

त्यांना कातळ का मोजायचा होता, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. लाव्हा निवताना त्यातले चुंबकी कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरतात. मेलोनीने हे १८५३ मध्ये व्हेसुव्हियसच्या लाव्हात पाहिलं होतं. १९०६ मध्ये बर्नार ब्रुनला फ्रान्सच्या कांताल भागात लाव्हाचा एक थर आणि त्याखाली त्या लाव्हाने भाजून काढलेली माती सापडली. दोन्हींचं चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट होतं. दोन निराळे पदार्थ, आणि साक्ष एकच. पृथ्वीचे ध्रुव कधीतरी उलटलेले होते असा निष्कर्ष त्याने काढला, आणि पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मग दख्खन. क्लेग, डॉईच आणि ग्रिफिथ्स या लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींनी १९५६ मध्ये दख्खनच्या कातळाची मापं छापली. चुंबकसुई मोकळी सोडली तर ती नुसती उत्तर दाखवत नाही, झुकतेही. विषुववृत्तावर आडवी, उत्तर गोलार्धात तिचं उत्तर टोक जमिनीकडे, दक्षिण गोलार्धात आकाशाकडे. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, म्हणजे इथल्या सुईचं उत्तर टोक खाली हवं. कातळातलं मात्र वर जात होतं, आणि तेही चांगलं पन्नासेक अंशांनी. सूत्र सोपं आहे: झुकावाची टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. पन्नास अंशांचा झुकाव म्हणजे सुमारे ३० अंश दक्षिण अक्षांश. हा लाव्हा निवला तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या पार पलीकडे होती. ६ कोटी ६० लाख वर्षांत जवळपास पन्नास अंशांचा प्रवास. सरासरी काढली तर वर्षाला आठ सेंटीमीटर. प्रत्यक्षात आधी बराच वेगाने आणि आशियाला धडकल्यावर संथपणे.

१९५६ मध्ये खंड सरकतात असं म्हणणं धाडसाचं होतं. वेगेनरची कल्पना बहुतेक भूवैज्ञानिकांनी अडगळीत टाकली होती आणि समुद्रतळ पसरतो हे मान्य व्हायला आणखी दहाएक वर्षं जायची होती. तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, डॉईच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा दख्खनवरचा सविस्तर निबंध ‘अनाल द जिओफिझिक’ या फ्रेंच नियतकालिकात आला. भारत सरकला याचा पुरावा आपल्या घाटरस्त्यांच्या कडेला पडलेला होता आणि मुंबईत बसून मोजला जात होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत मला कधी भेटलं नाही. हिमालय भेटला, वेगेनर भेटला.

घाट चढताना आणखी एक गंमत असते, ती डोळ्यांना दिसत नाही. पश्चिम घाटातले खालचे बरेचसे थर उलट्या चुंबकत्वाचे आहेत आणि महाबळेश्वरच्या माथ्याकडचे सुलट. आंबेनळी घाटातून वर येणारी एसटी पृथ्वीच्या एका ध्रुवपालटाला ओलांडून जाते. त्या उलट्या कालखंडातच जगभरातल्या थरांमध्ये डायनोसॉर संपल्याची रेघ येते. मी या रस्त्याने विद्यार्थ्यांना नेते तेव्हा त्यांचं लक्ष मक्याच्या कणसांकडे असतं. माझंही निम्मं असतंच.

गडावर फोनमधला कंपास कातळाला टेकवून बघा. काही जागी तो सरळ वीस-तीस अंश भरकटतो. पुष्कळदा तो दोष विजेचा: माथ्यावर वीज कोसळते तेव्हा जमिनीतून जाणारी धारा आसपासच्या खडकाला नव्याने चुंबकित करते आणि जुनी नोंद झाकून टाकते. म्हणूनच कातळातून अडीच सेंटीमीटर जाडीचा गाभा खोदून काढणारे लोक दिशा नोंदवताना होकायंत्रावर विसंबत नाहीत, सूर्याच्या सावलीवरून दिशा ठरवतात. नंतर प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा उलटसुलट क्षेत्रातून काढून वरवरची, कच्ची आठवण आधी धुवून टाकावी लागते. खालची पक्की आठवण मग उरते.

कच्ची कुठली आणि पक्की कुठली, हे कोण ठरवतं? इथे मला पुन्हा माझ्या तीन रेषा भेटल्या.

पॅरिसमध्ये एमिल तेलिए भाजलेल्या मातीवर काम करत होता. विटा, भट्ट्यांचे तळ, जुनी मडकी. त्याला दिसलं ते असं. मातीचा तुकडा खूप तापवून थंड होऊ दिला आणि ४०० ते ३०० अंश एवढ्याच टप्प्यात क्षेत्र चालू ठेवलं, तर मातीला थोडं चुंबकत्व येतं. तो तुकडा पुन्हा ३०० पर्यंत तापवला तर त्या चुंबकत्वाला धक्का लागत नाही. ४०० पर्यंत तापवला की ते पूर्ण जातं. प्रत्येक टप्प्याचा हिशेब स्वतंत्र, आणि सगळे टप्पे मिळवले की पूर्ण बेरीज. याचा अर्थ लावला लुई नेलने, १९४९ मध्ये. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन चुंबकी सुरुंगांपासून फ्रेंच जहाजांचा बचाव करणारा हाच नेल, १९७० मध्ये नोबेल मिळालेला. त्याच्या निबंधाच्या मथळ्यातच भाजलेल्या मातीचा उल्लेख आहे, आणि तोही ‘अनाल द जिओफिझिक’मध्येच छापला गेला. एमिल आणि ओदेत तेलिए यांचं पुराचुंबकी तीव्रतेवरचं मोठं काम १९५९ मध्ये त्याच नियतकालिकात आलं, म्हणजे दख्खनवाल्या निबंधाच्या वर्षीच. नॅनोचुंबकांवरचे आजचे निबंध ज्या सूत्राने सुरू होतात ते मडक्यांसाठी लिहिलं गेलं होतं.

सूत्र असं. कण पुरेसा लहान असेल तर त्यात एकाच दिशेचा एकच चुंबकी प्रदेश मावतो आणि पूर्ण कण एकच चुंबक होऊन वागतो. त्याला उलटायला मधली एक खिंड ओलांडावी लागते. खिंडीची उंची म्हणजे पदार्थाचा एक स्थिरांक गुणिले कणाचं आकारमान. उष्णता त्याला सारखी ढकलत असते, दर सेकंदाला अब्जभर वेळा. एखादा धक्का खिंड पार करवतो आणि कण आपली दिशा विसरतो. विसरायला लागणारा सरासरी वेळ हा त्या उंचीच्या आणि तापमानाच्या गुणोत्तराशी घातांकाने बांधलेला आहे.

घातांक हा शब्द वाचून पुढे जाऊ नका, आकडे करून बघा. मी दर वर्षी वर्गात करून घेते. मॅग्नेटाइटचा गोल कण, व्यास २६ नॅनोमीटर, खोलीचं तापमान. गुणोत्तर येतं साधारण २५ आणि विसरायला लागतात शंभरेक सेकंद. चहा गाळून होईपर्यंत विसरला. आता व्यास एक तृतीयांशाने वाढवा, ३४-३५ नॅनोमीटर. गुणोत्तर ५९ च्या घरात जातं आणि वेळ जातो शंभर कोटी वर्षांवर. व्यास तेवढ्याच प्रमाणात कमी करून १७ नॅनोमीटर केला तर सेकंदाचा दहा लाखावा भाग. रसायन तेच, क्युरी तापमान तेच. मधला फरक आठ-नऊ नॅनोमीटरचा. खऱ्या कणांचा आकार लांबट असतो, पृष्ठभाग खडबडीत असतो, शेजारी कण एकमेकांना ओढतात, त्यामुळे आकडे पुढेमागे होतात. पण ही तीव्र उडी काही जात नाही.

तापमानाचंही तसंच. कातळ ५८० अंशांच्या खाली आला की कण चुंबक होतो खरा, पण तो सेकंदाला लाखो वेळा उलटत असतो. आणखी निवत जाताना एका अरुंद पट्ट्यात तो अचानक गोठतो, आणि मोठे कण आधी, लहान कण नंतर असे आपापल्या तापमानाला गोठत जातात. तेलिएचे स्वतंत्र टप्पे ते हेच. दख्खनच्या पक्क्या आठवणीचे कण वरच्या तापमानाला गोठलेले, म्हणून ती आठवण साडेसहा कोटी वर्षांहून अधिक टिकली. कच्च्या आठवणीचे कण आजच्या क्षेत्रातही हळूहळू वळत आहेत. आणि माझी न भाजलेली राख? ती २६३ हर्ट्झच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर वळत होती. क्युरी तापमान तिलाही होतं. पण तिथे पोचायच्या कितीतरी आधीच ती काही धरून ठेवण्याच्या पलीकडे गेली होती.

संगणकाच्या हार्ड डिस्कवाल्यांना नेमकी हीच भीती सतावते. जास्त माहिती मावायची तर कण लहान हवेत, आणि लहान कण विसरतात. साधारण ६० चं गुणोत्तर राखायचं असा त्यांचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे कागदावर शंभर कोटी वर्षांचा. गिऱ्हाइकाला दहा वर्षं हवी असतात, पण सगळे कण सारख्या मापाचे नसतात म्हणून एवढी सूट. उपाय म्हणून त्यांनी लोह-प्लॅटिनमचं मिश्रण घेतलं. त्याचा स्थिरांक मॅग्नेटाइटच्या कित्येक शेकडा पट, त्यामुळे सात-आठ नॅनोमीटरचा कणही ठाम राहतो. इतका ठाम, की लिहिणाऱ्या टोकालाही तो दाद देत नाही. मग लेझरने तेवढाच ठिपका क्षणार्धासाठी चारशेहून अधिक अंशांना, क्युरी तापमानाजवळ, तापवायचा आणि निवताना क्षेत्र लावायचं. सीगेटने या तंत्राच्या तीस टेराबाइटच्या डिस्क २०२४ मध्ये बाजारात आणल्या. लाव्हाने घाटात जे केलं तेच, फक्त नॅनोसेकंदात आणि मागणीनुसार.

माझ्या विद्यार्थ्यांना मात्र दुसऱ्या टोकाचं आकर्षण जास्त: विसरणारे कण. १९५७ मध्ये गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी लसिका ग्रंथींत लोह ऑक्साइडचे बारीक कण सोडून बाहेरून प्रत्यावर्ती क्षेत्र लावलं आणि ग्रंथी तापवून दाखवल्या. कर्करोगाच्या पेशी ४२-४५ अंशांना हतबल होतात, हा आधार. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात सुरू झालेल्या कामातून मेंदूच्या गाठीवरच्या अशा उपचाराला युरोपात २०१० मध्ये परवानगीही मिळाली. त्यात क्षेत्राची सेकंदाला सुमारे एक लाख आवर्तनं होतात. क्षेत्राच्या तालाला कण जरा मागे पडावा, पण फार मागे नको. उष्णता त्या मागे पडण्यातूनच निघते. वरच्या हिशेबातला १७ नॅनोमीटरचा, मायक्रोसेकंदात विसरणारा कण तिथे बरोबर बसतो. चार नॅनोमीटरने चुकलात तर औषधाची नुसती गंजकी राख उरते.

आणि इथे जस्त पुन्हा येतं. कणांचं क्युरी तापमानच पंचेचाळीस अंशांच्या आसपास आणता आलं तर शरीर जास्त तापायचा धोका राहणार नाही, कारण तिथे पोचले की कण आपोआप बंद पडतील. आपल्याकडच्या बऱ्याच प्रस्तावांत हे वाक्य पहिल्याच पानावर असतं. मलाही ते आवडायचं. अडचण अशी, की क्युरी तापमानाच्या जवळ चुंबकत्वच इतकं घसरलेलं असतं की तापवायला काही उरत नाही. भरपूर उष्णता आणि आपोआप थांबणं या दोन मागण्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. प्रस्तावाच्या सातव्या पानावर हे यायला हवं. बहुतेकदा येत नाही.

शिवाय नॅनो मापाला जस्त पुस्तकाप्रमाणे बसतही नाही. पूर्ण जस्त फेराइट खोलीच्या तापमानाला चुंबक नसतं असं कोष्टक सांगतं. या वर्षीच्या तुकडीने सायट्रेटच्या कृतीने ते बनवलं, आणि बीकरमधली राख चुंबकाकडे झेपावली. मुलं घाबरली, त्यांना वाटलं वजन चुकलं. वजन ठीक होतं. त्या झटपट आगीत जस्ताच्या काही आयनांना आपल्या नेहमीच्या जागी जायला सवडच मिळत नाही. ते लोहाच्या जागांवर बसतात आणि काही लोह त्यांच्या जागांवर, आणि वजाबाकीचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तीच राख १००० अंशांना भाजून भट्टीतच सावकाश निवू द्यायची, मग चुंबक न्यायचा. त्यांना आधी आणि नंतर दोन्ही वेळा तापमानाबरोबरची रेषा काढायला सांगितली आहे. २६३ हर्ट्झवर. यंत्राची एक गुंडाळी मधेच दगा देते, ती आधी नीट करावी लागेल.